उतरणीचा दोर

‘परतीचे दोर कापणे’ हा वाक्प्रचार मराठीत इतका रुळला आहे, की तो वापरताना दोर कोणता आणि कापला कोणी, याची आठवण सहसा कोणी काढत नाही. ४ फेब्रुवारी १६७०च्या रात्री कोंढाण्यावर तानाजी पडल्यानंतर मावळ्यांनी पाय मागे घेऊ नये म्हणून सूर्याजीने कड्यावरचे दोर कापून टाकले, असे परंपरा सांगते. त्या कथेला ऐतिहासिक आधार कितपत, हा वेगळा प्रश्न. भाषेने मात्र आपला निवाडा केव्हाच दिला आहे. आपल्याकडे दोर कापणे हे निर्धाराचे लक्षण मानले जाते. युरोपातल्या गिर्यारोहणाच्या वाङ्मयात हीच कृती नेमक्या उलट अर्थाने रुजली. तेथे दोर कापल्याचा संशय एखाद्याच्या नावाला चिकटला की तो जन्मभर सुटत नसे. या दोन दृष्टी मनाशी ठेवल्या, तर गेल्या साठेक वर्षांतला, आपल्याकडे फारसा परिचित नसलेला एक वाद समजून घ्यायला मदत होते. पर्वतांच्या अतितीव्र बर्फाळ उतारांवरून स्कीवर खाली येताना दोराचा आधार घ्यावा की नाही, हा तो वाद.

आधी उताराविषयी. स्की-केंद्रांवर हौशी माणसे ज्यांना अवघड म्हणतात ते उतार बहुधा तीस-पस्तीस अंशांच्या घरातले असतात. येथे बोलायचे आहे ते पंचेचाळीस ते पंचावन्न अंशांच्या घळींविषयी. सह्याद्रीत भटकणारे ज्याला ‘नाळ’ म्हणतात तसाच हा आकार. दोन्ही बाजूंना खडकाच्या भिंती, आणि मधे दगडधोंड्यांऐवजी गोठलेला बर्फ. पन्नास अंशांच्या उतारावर माणूस ताठ उभा राहिला तर डोंगराकडचा हात सहज बर्फाला लागतो. तेथे नेहमीसारखे घसरत वळण घेता येत नाही. काठीवर भार देऊन दोन्ही स्की उचलायच्या, हवेतच दिशा बदलायची आणि पुन्हा त्यांच्या पोलादी कडांवर स्थिर व्हायचे, अशी एकामागून एक वळणे घ्यावी लागतात. त्यांतले एक चुकले आणि बर्फ कडक असला, तर घसरणारा माणूस दोन-तीन सेकंदांतच स्वतःला थांबवण्याच्या पलीकडे गेलेला असतो. म्हणूनच या प्रकाराची जी व्याख्या फ्रान्समध्ये १९७०च्या दशकात रूढ झाली, ती उताराच्या अंशांवरून न होता परिणामावरून झाली. पडल्यास मरण ओढवेल अशी उतरण, ती ‘एक्स्ट्रीम’. आता व्याख्येतच मरण घातल्यावर दोर ठेवायचा कोठे? दोर नीट बांधला की पडून मरण येणार नाही, आणि मरण येणार नसेल तर ती उतरण व्याख्येत बसणार नाही. पुढचा बहुतेक वाद या एका गाठीत अडकलेला आहे.

आल्प्समधल्या दोराची हकिगत मॅटरहॉर्नपासून सुरू करण्यावाचून गत्यंतर नाही. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपर आणि त्याचे सहा साथीदार मॅटरहॉर्नच्या शिखरावर पोचले. तेथे पोचलेली ती पहिली माणसे. उतरताना सातही जण एकमेकांना बांधलेले होते. एकोणीस वर्षांच्या हॅडोचा पाय घसरला, तो पुढच्या मिशेल क्रोझ या वाटाड्यावर आदळला, त्यांच्या ओढीने हडसन आणि लॉर्ड फ्रान्सिस डग्लस खेचले गेले, आणि डग्लस व थोरला पीटर टाउगवाल्डर यांच्यामधला दोर तुटला. चौघे गेले, तिघे उरले. बरोबर नेलेल्या दोरांपैकी नेमका सर्वांत कमकुवत दोर त्या जागी वापरला गेला होता. टाउगवाल्डरने जीव वाचवण्यासाठी तो कापला, अशी कुजबूज झाली. चौकशीत तो निर्दोष ठरला तरी कुजबूज थांबली नाही. त्या दोराचा तुकडा त्सेरमाटच्या संग्रहालयात ठेवलेला आहे.

दोर होता म्हणून एकाच्या घसरण्यापायी चौघे मेले, आणि दोर तुटला म्हणून तिघे जगले. दोन्ही विधाने खरी आहेत, आणि दोराविषयीच्या पुढच्या प्रत्येक चर्चेत यांतले एक तरी कोणी ना कोणी पुढे केलेले आढळते. (दोर खरोखरच कापला गेल्याचे विसाव्या शतकातले प्रसिद्ध उदाहरण पेरूमधल्या सिउला ग्रांदे शिखरावरचे, १९८५ सालचे. तेथे सायमन येट्सने कापलेल्या दोराखालचा जो सिम्प्सन जिवंत परतला आणि ‘टचिंग द व्हॉइड’ या १९८८ सालच्या पुस्तकात त्याने आपल्या साथीदाराची बाजू घेतली. दोर कापणाऱ्याची वकिली खाली लोंबकळणाऱ्याने केल्याचे असे दुसरे उदाहरण वाङ्मयात शोधावे लागेल.) मॅटरहॉर्नवर खरी उणीव वेगळीच होती. दोर माणसाला बांधलेला होता, डोंगराला नव्हता.

मॅटरहॉर्नच्या पंधराच दिवस आधी, २९ जून १८६५ रोजी, याच व्हिंपरने शामोनीजवळच्या एग्वी व्हेर्त या ४,१२२ मीटर उंचीच्या शिखरावर पहिली चढाई केली होती. ज्या घळीतून तो चढला तिला पुढे त्याचेच नाव मिळाले. १० जून १९६८ रोजी त्या व्हिंपर घळीतून सिल्व्हाँ सोदाँ हा स्विस स्कीपटू स्की लावून, दोराविना, खाली आला. त्याच्या आदल्या वर्षी, २३ सप्टेंबर १९६७ला, तो ब्लेतिएर शिखराजवळच्या स्पेन्सर घळीतून उतरला होता. आधुनिक तीव्र उतरणीचा इतिहास बहुतेक जण त्या दिवसापासून मोजतात. पुढे मों ब्लां द्यु ताक्युलची जेर्वासुत्ती घळ, मोंते रोझाची मारिनेल्ली घळ, १९७०च्या मार्चमध्ये आयगरची पश्चिम बाजू. वृत्तपत्रांनी त्याला ‘अशक्याचा स्कीपटू’ ही पदवी दिली आणि ती त्याला अखेरपर्यंत चिकटून राहिली. तो २०२४ साली, वयाच्या अठ्ठ्याऐंशीच्या आसपास, वारला, हे येथे मुद्दाम नोंदवतो. कारण या क्षेत्रातली पुढची नावे घेताना ते वय आठवावे लागेल.

व्हिंपरच्या घळीतून दोराविना उतरलेल्या माणसात कोणाला दोराच्या शतकाला दिलेले उत्तर दिसेल. मला ते रूपक फार ताणावेसे वाटत नाही. सोदाँने दोर टाळला त्यामागे निखळ व्यावहारिक कारणेही होती, आणि ती समजून घेतल्याशिवाय हा वाद केवळ शौर्याचा वाटू लागतो.

दोन स्कीपटूंनी एकमेकांना दोर बांधून तीव्र उतारावरून एकाच वेळी उतरणे म्हणजे मॅटरहॉर्नची पुनरावृत्ती. एकाचा तोल गेला की दुसरा उभ्या उभ्या खेचला जातो. पायांत स्की असताना झटका सोसण्याइतका आधार कोणापाशीच नसतो. हिमनदीच्या सौम्य उतारावर गोष्ट निराळी. तेथे धोका घसरण्याचा नसून बर्फाखाली दडलेल्या भेगेत कोसळण्याचा असतो, आणि वर उरलेले दोघे तिसऱ्याला अडवून धरू शकतात. मोंते रोझाच्या हिमनद्यांवर १९३३ साली सुरू झालेल्या मेत्सालामा करंडक शर्यतीत तिघातिघांचे संघ एका दोरात बांधून धावतात आणि उतरतातही. हे दृश्य पाहताना मजेशीर वाटते, मागच्याने वळण उशिरा घेतले की पुढचा पाठीवर आपटतो. पण त्या जागी दोर योग्यच आहे. तोच दोर पन्नास अंशांच्या घळीत दोघांच्या मरणाची व्यवस्था ठरतो.

उरतो तो डोंगराला बांधलेला दोर. बर्फात आडवी स्की किंवा हिमकुऱ्हाड पुरून, खडकात खिळा ठोकून, किंवा कठीण बर्फात दोन तिरकी छिद्रे आत एकमेकांना मिळतील अशी पाडून त्यांतून दोरी ओवून अँकर तयार करता येतो. या शेवटच्या युक्तीला विताली अबालाकोव्ह या सोव्हिएत गिर्यारोहकाचे नाव आहे. अँकरपाशी थांबलेला साथीदार दोर सोडत राहतो आणि दुसरा त्या आधाराने वळणे घेत उतरतो. किंवा स्की पाठीला लावून सरळ रॅपलिंग करता येते. पण याला वेळ लागतो, आणि या उतारांवर वेळ हीच सर्वांत महाग वस्तू. सकाळचे ऊन बर्फाचा वरचा पापुद्रा नेमका हवा तेवढा मऊ करते, ती घटका टळली की तोच बर्फ जड होऊन सुटू लागतो, वरून दगड येऊ लागतात. प्रत्येक चाळीस-पन्नास मीटरला अँकर करत बसणारी जोडी घळीत अडकून पडते. शिवाय साठ मीटरचा नऊ मिलिमीटर जाडीचा दोर तीन किलोंच्या वर भरतो, आणि पाठीवरचे ते ओझे नेमके उडी मारून वळताना तोल बिघडवते. हे आक्षेप खोटे नव्हते. मात्र सोयीचे कारण हळूहळू नीतीचा नियम होत गेले, आणि तेथपासून इतिहासकाराने सावध व्हायला हवे.

हा नियम घडत असताना शुद्धतेच्या कल्पना एकमेकींशी किती विसंगत होत्या ते पाहण्यासारखे आहे. १९७३ साली एग्वी व्हेर्तच्याच कुतुरिए घळीतून सेर्ज काशा-रोसे पहिल्यांदा स्कीवर उतरला, तो शिखरावर हेलिकॉप्टरने पोचला होता. दक्षिण तिरोलचा हाइनी होल्ट्झर याला हे मुळीच मान्य होण्यासारखे नव्हते. होल्ट्झर पोटासाठी धुराडी साफ करीत असे. ठेंगणा, प्रसिद्धीपासून दूर राहणारा माणूस. जी भिंत उतरायची ती आधी स्वतःच्या पायांनी चढायची, हा त्याचा दंडक. चढताना बर्फाची ओळख होते, कोठे कठीण पट्टा आहे ते कळते. हा दंडक नैतिक असला तरी तितकाच शहाणपणाचाही होता. अशा शंभराच्या आसपास उतरणी त्याच्या नावावर आहेत. ४ जुलै १९७७ रोजी पित्स रोझेगच्या ईशान्य भिंतीवरून उतरताना तो पडला. वय बत्तीस किंवा त्याहून थोडे कमी. हेलिकॉप्टर चालेल पण दोर नको, असे मानणारे एका बाजूला. हेलिकॉप्टर भ्रष्ट, आणि दोराचा तर विचारच नाही, असे मानणारे दुसऱ्या बाजूला. दोराला नकार देण्यात मात्र दोन्ही बाजूंचे एकमत दिसते.

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या रीतीने सुरू झाली. १५ जून १९७१ रोजी वायोमिंगमधल्या ४,१९९ मीटर उंचीच्या ग्रँड टेटनवरून बिल ब्रिग्ज स्कीवर उतरला. त्याच्या कमरेचा सांधा शस्त्रक्रियेने कायमचा जखडलेला होता. त्या शिखरावरून खाली येणारी बर्फाची वाट सलग नाही. मधे खडकाचा कडा आडवा येतो. तेथे ब्रिग्ज दोरावरून उतरला आणि पुढे पुन्हा स्की करू लागला. गावात कोणाचा विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी स्थानिक वृत्तपत्राच्या संपादिका व्हर्जिनिया हायडकूपर यांनी विमानातून शिखराचे छायाचित्र घेतले, आणि त्यात वळणांची नागमोडी रेघ स्पष्ट उमटली. साहित्याच्या अभ्यासकाला या प्रसंगात रस वाटावा. उतरण ही कृती घडता घडता पुसली जाते. तिचा एकमेव लेख म्हणजे बर्फावरची रेघ, आणि तीही दोन दिवसांत वितळते. त्या रेघेत दोराची जागा म्हणजे लेखातली गाळलेली ओळ. आल्प्सच्या शुद्धतावाद्यांच्या हिशेबी ती ओळ म्हणजे दोष. तरीही ग्रँड टेटनची ही उतरण अमेरिकन स्की-गिर्यारोहणाची आद्य घटना मानली गेली, आणि आज त्या शिखरावरून उतरणाऱ्यांच्या नेहमीच्या वाटेवर एकापाठोपाठ एक रॅपलिंगचे टप्पे आहेत. परंपरेची सुरुवातच दोरासकट झाली म्हणून तेथे दोराची लाज कधी उत्पन्न झाली नाही, असा माझा तर्क आहे.

फ्रान्समध्येही पुढे विचार स्पष्ट होत गेला. मार्गदर्शिका लिहिणाऱ्या व्होलोद्या शाहशाहानी यांनी उतरणींची प्रतवारी लावताना दोन स्वतंत्र मोजमापे ठेवली: एक स्कीच्या तांत्रिक कठीणतेचे, दुसरे पडल्यास काय होईल याचे. हे दुसरे मोजमाप चार पायऱ्यांचे आहे, आणि चौथ्या पायरीवर पडणाऱ्याने वाचण्याची आशा धरायची नसते. ही विभागणी वरवर किरकोळ वाटते. पण तिने जुन्या व्याख्येतली गाठ सोडवली. पंचेचाळीस अंशांची घळ खाली मऊ, मोकळ्या पठारावर संपत असेल किंवा दोनशे मीटरच्या कड्यावर, वळण घ्यायला लागणारे कौशल्य तेच. दोर या पहिल्या मोजमापाला हातच लावत नाही. तो सैल धरलेला असेल तर वळण माणसाने स्वतःच घ्यायचे असते. बदलतो तो फक्त चुकीचा परिणाम. दोर बांधून केलेली उतरण म्हणजे खोटी उतरण, या म्हणण्यात कौशल्य आणि शिक्षा यांची गल्लत आहे. ती गल्लत शोकांतिकेच्या वाचकाला ओळखीची वाटेल. नायक मेल्याशिवाय त्याच्या उंचीवर विश्वास न ठेवण्याची सवय आपल्यालाही आहेच.

अर्थात दोराचा पुरस्कार करताना त्याला ताईत समजण्याची चूक होऊ नये. ३ एप्रिल २००६ रोजी फ्रान्समधल्या ला ग्राव्ह येथे डग कूम्ब्स मरण पावला. अलास्कातल्या उतारांवर नाव कमावलेला, तीव्र उतरणीचे शिक्षण देणारा, सर्व तऱ्हेची दोरतंत्रे जाणणारा हा वाटाड्या. त्याचा तरुण साथीदार कड्यावरून खाली गेला, तो कोठे आहे ते पाहण्यासाठी कूम्ब्स आडव्या पावलांनी कडेकडे सरकला, आणि तो स्वतःही घसरला. दोघेही वाचले नाहीत. दोर कधी काढायचा याचा निर्णय बहुतेक वेळा दोराची गरज पडण्याच्या आधीच घ्यावा लागतो. मित्र खाली गेलेला असताना अँकर करण्याइतकी सवड मन देत नाही. म्हणून माझ्या मते खरा प्रश्न दोर वापरावा की नाही हा नसून तो पिशवीतून कोणत्या क्षणी बाहेर यावा हा आहे, आणि त्याचे उत्तर वर उभे असतानाच ठरलेले असावे. आता सहा मिलिमीटर जाडीच्या, साठ मीटरला दीड किलोही न भरणाऱ्या दोऱ्या मिळतात, तेव्हा ओझ्याचा जुना आक्षेप बराचसा संपला आहे. वेळेचा आक्षेप उरतो, आणि तो आजही खरा आहे. त्यामुळे सुज्ञ जोड्या पूर्ण उतरण दोरावर करीत नाहीत. घळीच्या तोंडाशी पहिल्या माणसाला दोरावर सोडून बर्फ टिकतो की सुटतो ते पाहतात. कड्याचा अडथळा रॅपलिंगने ओलांडतात. मधला सलग बर्फ मोकळ्या अंगाने उतरतात.

हिमालयात हा वाद आणखी एक वळण घेतो, आणि त्याविषयी पुरेसे लिहिले गेलेले नाही. ६ मे १९७० रोजी युइचिरो मिउरा हा जपानी स्कीपटू एव्हरेस्टच्या साउथ कोलखालच्या उतारावरून निघाला. दोराऐवजी त्याने वेग आवरण्यासाठी पाठीला हवाई छत्री बांधली होती. त्या विरळ हवेत छत्रीचा फारसा उपयोग झाला नाही. तो पडला, घसरत गेला आणि तळाच्या भेगेच्या अलीकडे कसाबसा थांबला. त्यावरच्या माहितीपटाला पुढे ऑस्कर मिळाले. त्याच मोहिमेत, उतरणीच्या महिनाभर आधी, खुंबूच्या हिमप्रपातात सहा शेर्पा बर्फाखाली गाडले गेले होते. माहितीपटाचे शीर्षक एव्हरेस्टवरून स्कीवर उतरलेल्या एका माणसाचे आहे.

त्यानंतरच्या उतरणी पाहाव्यात. सोदाँ १९७७ साली आपल्याकडच्या झंस्कार भागातल्या ७,१३५ मीटर उंचीच्या नूनवरून आणि १९८२ साली ८,०००हून उंच अशा गाशेरब्रुम-१वरून उतरला. ७ ऑक्टोबर २००० रोजी स्लोव्हेनियाचा दावो कार्निचार एव्हरेस्टच्या शिखरापासून तळछावणीपर्यंत स्कीवर आला. शामोनीचा मार्को सिफ्रेदी मे २००१मध्ये नॉर्टन घळीतून स्नोबोर्डवर उतरला, आणि ८ सप्टेंबर २००२ रोजी हॉर्नबाइन घळीच्या दिशेने निघाला तो पुन्हा दिसला नाही. तेवीस वर्षांचा होता. पोलंडचा आन्जेय बार्गिएल २०१८च्या जुलैमध्ये के-टूवरून आणि २२ सप्टेंबर २०२५ रोजी, कृत्रिम प्राणवायूशिवाय, एव्हरेस्टवरून उतरला. बर्फावर उमटलेल्या या रेघांत दोर कोठे दिसत नाही, आणि बातम्यांतही तसेच लिहिले जाते. पण एव्हरेस्टच्या नेहमीच्या वाटेवर खुंबूच्या भेगांवर शिड्या टाकणारे आणि ल्होत्सेच्या भिंतीवर दोर पक्के करणारे हात शेर्पांचे असतात, आणि स्कीपटू वर पोचतो तो बहुधा त्याच वाटेने. होल्ट्झरचा दंडक येथे लावला तर प्रश्न वेगळाच निघतो. वर जाताना धरलेला दोर खाली येतानाच्या हिशेबात मांडायचा की नाही? हेलिकॉप्टरने शिखरावर गेलेल्या काशा-रोसेच्या नावापुढे अभ्यासक ते हेलिकॉप्टर आवर्जून नोंदवतात. हिमालयातल्या उतरणींच्या याद्यांमध्ये प्राणवायूचा रकाना असतो, तारखेचा असतो, उंचीचा असतो. दोर कोणी लावले, हा रकाना मला अद्याप कोठे आढळलेला नाही.